तातडीचे आणि महत्त्वाचे

आमच्या कार्यकारिणीपुढे यंदा २१ विषय होते. उत्सवाचा मंडप, सभागृहाचे भाडे, कोजागरीचे दूध यांत दोन तास गेले; ग्रंथालयातील मोडी कागद 'वेळ उरल्यास' या सदरात, म्हणजे पुढील बैठकीत. चतुर्थीची तारीख पंचांगात छापलेली असते, वाळवीची नसते, एवढ्यावरच आमचा अग्रक्रम ठरतो. आयझेनहॉवर यांनी १९५४ साली इव्हान्स्टन येथील भाषणात तातडीचे व महत्त्वाचे यांतील भेद सांगितला, तोही एका माजी महाविद्यालयप्रमुखाच्या हवाल्याने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आमच्याकडे पेढ्यांना उभ्याउभ्या मंजुरी मिळाली. दूध आटवणारे हात पुष्कळ आहेत. मोडी वाचणारे सभासद दोनच, आणि दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे. पुढील बैठकीत मोडीचा विषय पहिला घ्यावा, मंडपाचा एकविसावा.