अल्झायमरची सेवा सुनेच्याच गळ्यात का?

आमच्या वस्तीतली एक बाई दिवसभर खाजगी वृद्धाश्रमात दुसऱ्यांच्या आयांचे डायपर बदलते. घरी अल्झायमर झालेली सासू. भटकत निघून जाईल म्हणून दाराला कुलूप. त्या वृद्धाश्रमाची फी हिच्या पगाराहून जास्त. वर लोक म्हणतात, सून निर्दयी!

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात (कलम १९) जिल्ह्याला किमान दीडशे निराधारांसाठी एक वृद्धाश्रम लिहिलाय. पण सरकार तो काढू 'शकते', काढलाच पाहिजे असं नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाचा भार बहुतांशी सरकारने उचलावा असं मांडलं होतं. मग म्हातारपणाला वेगळा न्याय का?

जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांनो, आपल्या निवेदनात ही मागणी कधी येणार?