गाणं कधी 'इन्स्टॉल' होत नसतं!

हॉस्टेलवर फुकटच्या गोष्टीला नाही कोण म्हणतो? मेसमधलं एक्स्ट्रा गुलाबजाम असो की कुणाच्या पेन ड्राइव्हमधली गाणी, हात आपोआप पुढे होतो. व्हायरस लिहिणाऱ्यांना आपली ही सवय रेक्टर सरांपेक्षा जास्त ठाऊक आहे!

मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस जगभर पसरला. त्याचं प्रेमपत्र सगळ्यांना आठवतं, पण त्यानं गाण्यांचं काय केलं ते फार जणांना माहीत नसतं. तो एमपीथ्री फाइल लपवायचा आणि त्याच नावापुढे 'व्हीबीएस' जोडून स्वतःची कॉपी तिथे ठेवायचा. विंडोज ओळखीचं एक्स्टेन्शन मुळातच दाखवत नाही. त्यामुळे दिसायचं गाणं आणि चालू व्हायचा व्हायरस!

मे २००८ मध्ये लाइमवायरसारख्या फाइल शेअरिंगवर बनावट गाणी सोडली गेली. उघडली की गाणं लागायचंच नाही, 'आधी हा प्लेयर डाउनलोड करा' असा मेसेज यायचा. तो प्लेयर म्हणजे जाहिरातींचा मारा करणारा ट्रोजन. मॅकॅफी कंपनीला आठवड्याभरात ५ लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर तो सापडला.

२०१० मध्ये कोर्टाच्या आदेशानं लाइमवायर बंद झालं. युक्ती मात्र चालूच आहे. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी 'एपीके' फाइल हा तिचाच धाकटा भाऊ, आणि त्याचा डोळा थेट बँक खात्यावर असतो.

माझं मत सांगतो. अँटिव्हायरस हवाच, पण 'येस'वर बोट आपलंच पडतं. गाणं, फोटो, पत्रिका या गोष्टी उघडायच्या असतात, इन्स्टॉल करायच्या नसतात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

दुसरं म्हणजे, फसलेल्याची खेचणं बंद करा. आपण आठवडाभर हसतो, म्हणून पुढचा फसलेला गप्प बसतो आणि त्याचा पेन ड्राइव्ह चार रूम फिरून येतो. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट रिपोर्ट उघडत नाही, तेव्हा हसायला कुणीच उरत नाही.

स्टाफला एक विनंती. पेन ड्राइव्हबंदीची नोटीस लावण्यापेक्षा लॅबच्या प्रत्येक पीसीवर एक्स्टेन्शन दिसेल असं सेटिंग करून द्या. दोन-चार क्लिकचं काम आहे.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना म्हणी तशा कमीच येतात. पण 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही मात्र प्रत्येक डेस्कटॉपवर चिकटवावी अशी आहे!