नौकेची नोंद आहे, खलाशाची कुठे आहे?

कोकणातल्या मासेमारी बंदरांच्या बातम्या ठरलेल्या असतात. बंदीच्या काळात नौका पकडली, एलईडी दिवे जप्त केले, पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार समोरासमोर आले, बंदरात गाळ साचला, अतिक्रमण हटवलं. या बातम्यांत नौकेचा नंबर असतो, जाळ्याचा प्रकार असतो, दंडाची रक्कम असते. नौकेवर राबणारा माणूस मात्र नसतो. तो बातमीत येतो तो बेपत्ता झाल्यावर. तीही चार ओळींची बातमी असते.

मी रत्नागिरी जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवते. मिरकरवाडा, राजिवडा, साखरतर, जयगड ही नावं माझ्या विद्यार्थ्यांच्या पत्त्यांमध्ये येतात. कुणाचे अब्बा नाखवा आहेत, कुणाचे तांडेल, बरेचसे खलाशी. कुणाची अम्मी पहाटे जेट्टीवर मासळी निवडायला जाते. म्हणून बंदराचा प्रश्न मला रोजच्या हजेरीपटात दिसतो. त्याविषयी दोन्ही बाजूंना न आवडणारं थोडं लिहायचं आहे.

नियम हवेतच

आपल्या वस्तीत एक सूर नेहमी ऐकू येतो की, सरकारचे सगळे नियम मच्छीमाराला संपवण्यासाठी आहेत. हे मला मान्य नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं आणि तिथे कोणी, कोणत्या जाळ्याने, कधी मासेमारी करायची हे हा कायदा ठरवतो. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारी बंदी असते. हा अनेक माशांच्या विणीचा काळ आहे आणि दर्या खवळलेला असतो. म्हणजे बंदी मासळीलाही वाचवते आणि माणसालाही.

पर्ससीन जाळ्यावर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने मर्यादा आल्या. एलईडी दिव्यांच्या झोतातली मासेमारी २०१७ पासून केंद्राच्या हद्दीतही बंद आहे. २०२१ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. २०२३ मध्ये माशांच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला गेला. त्याहून लहान मासळी पकडायची नाही, विकायची नाही. या प्रत्येक नियमामागे कारण आहे. तारली आणि बांगड्याचा अख्खा थवा एका वेढ्यात उचलणारं जाळं अमर्याद चाललं, तर छोट्या होडीवाल्याने काय आणायचं? रात्री समुद्रात दिवे लावून पिल्लांसकट सगळं ओढून काढलं, तर पुढच्या मोसमात काय उरणार? सूरह नहलमध्ये दर्या ही अल्लाहने माणसाला दिलेली नेमत म्हटली आहे. नेमत ही अमानत असते. तिची लूट करून वर रोजीरोटीची सबब सांगता येत नाही.

हा वाद धर्माचाही नाही. पर्ससीन मालकांत दोन्ही समाजांचे लोक आहेत आणि गिलनेटवर पोट भरणाऱ्यांतही कोळी आहेत, भंडारी आहेत, दालदी मुसलमान आहेत. हा भांडवलाचा आणि हिश्श्याचा वाद आहे. नौका कुणाची आहे ते पाहून जे तिला ‘घुसखोर’ ठरवतात आणि नौका आपल्या माणसाची आहे म्हणून जे तिचा गुन्हा झाकतात, ते दोघे मिळून मूळ प्रश्न बुडवतात.

माझी तक्रार वेगळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली. त्याच महिन्यात मिरकरवाडा बंदरातली अनधिकृत बांधकामं पाडली गेली. नौका चुकीच्या जागी आहे हे ड्रोनला आता वरून दिसतं. त्याच नौकेवरच्या तीस माणसांपैकी किती जणांना पोहता येतं, किती जणांचा विमा आहे, किती जणांच्या घरचा फोन नंबर मालकाकडे आहे, हे कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. नियमनाचा सगळा जोर जाळ्यावर आहे. माणूस त्यातून निसटतो.

माणूस कसा जातो

बाहेरच्या लोकांना वाटतं, खलाशी वादळात जातात. वादळात जातातच. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाची आठवण आमच्याकडे अजून ताजी आहे. ऐन मोसमात, नौका समुद्रात असताना ते आलं आणि गेलेली सगळी माणसं परतली नाहीत. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ घरं आणि बागा उद्ध्वस्त करून गेलं, पण बंदी सुरू झालेली असल्याने बहुतेक नौका किनाऱ्याला होत्या. बंदीच्या त्या दोन तारखांनी किती जीव वाचवले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

पण वादळ वर्षातून एखादं येतं. बाकीचे दिवस साध्या कारणांचे असतात. रात्री जाळं ओढताना दोरात पाय अडकतो. विंचमध्ये हात सापडतो. मासळीच्या खणात कोंडलेल्या वायूने उतरणाऱ्याचा श्वास जातो. धुक्यात किंवा अंधारात मालवाहू जहाजाची धडक बसते. बंदराच्या तोंडाशी साचलेल्या गाळावर नौका टेकते आणि लाट तिला आडवी करते. आणखी एक कारण आहे, ज्याविषयी संकोचाने कुणी बोलत नाही. अनेक नौकांवर शौचालय नसतं. माणूस रात्री एकटा नौकेच्या कडेवर जातो, तोल जातो, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. सकाळी माणसं मोजल्यावर एक कमी भरतो. बंद दाराची एक छोटी खोली आणि कडेला कठडा एवढ्यावर जे मरण टळलं असतं, त्याला आपण ‘दर्याने नेलं’ म्हणतो.

आज बंदरातला खलाशी बहुतेक वेळा इथला नसतो. नेपाळमधून, कर्नाटकातून पोरं येतात. डोंगरात वाढलेल्या पोराने समुद्र पहिल्यांदा पाहिलेला असतो तो नौकेवर चढताना. मालक मोसमाआधी उचल देतो. उचल घेऊन खलाशी पळून जाईल ही मालकाची भीती खरी आहे, कारण असे प्रकार होतात. मोसम संपेपर्यंत आपला पगार अडकवून ठेवला जाईल ही खलाशाची भीतीही खरी आहे. दोघांमध्ये लेखी करार नसतो. असतो तो दलाल, एक वही आणि जबानी हिशेब.

समुद्रात जाणाऱ्या नौकेवर कोण आहे याची यादी द्यायची, असा नियम २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर कडक झाला. कुबेर ही मासेमारी नौकाच त्या हल्ल्यात वापरली गेली होती. त्यामुळे ओळखपत्रं आली, टोकन आलं, तपासणी आली. पण ही यादी सुरक्षेच्या दृष्टीने बनली. यादीतला माणूस संशयित आहे का हे पाहण्यासाठी ती तपासली जाते. यादीतला माणूस सुखरूप परत आला का, हे पाहण्यासाठी ती क्वचित उघडली जाते. खलाशी ऐनवेळी बदलतात, जुनी नावं तशीच राहतात. आणि नेमका यादीत नसलेला माणूस पाण्यात पडला, तर तो नौकेवर होता हे सिद्ध कुणी करायचं?

लाइफ जॅकेटची गोष्टही अशीच. तपासणीपुरती जॅकेटं नौकेवर असतात, पुष्कळदा प्लास्टिकच्या आवरणातच. खलाशी म्हणतात, ते घालून काम होत नाही, उकडतं, जाळ्यात अडकतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण कमरेला पट्ट्यासारखं बांधता येणारं, पाण्यात पडल्यावर फुगणारं जॅकेटही मिळतं. ते महाग आहे. एका पर्ससीन नौकेच्या जाळ्यावर लाखो रुपये खर्च होतात, त्या हिशेबात ते खरंच महाग आहे का, हे मालकांनीच स्वतःला विचारावं.

इथे कुणीतरी म्हणतं, “मौत का वक्त मुकर्रर है, टीचर.” हे मी बंदरावर अनेकदा ऐकलं आहे. मौत मुकर्रर आहे, यात वाद नाही. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवायचा नाही, आधी तो बांधायचा, ही शिकवणही आपलीच आहे. तवक्कुलचा अर्थ निष्काळजीपणा नव्हे. आणि मालकाने पैसे वाचवावेत आणि खलाशाने नशिबाला सामोरं जावं, या वाटणीला तर तवक्कुल मुळीच म्हणता येणार नाही.

हयात की मयत?

शाळेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एक रकाना येतो: वडील हयात की मयत. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अर्जावर तो रकाना मला भरता आला नाही. तिचे अब्बा समुद्रातून परतले नाहीत. मय्यत मिळाली नाही. दाखला नाही. तिच्या अम्मीने मला विचारलं, “टीचर, काय लिहायचं ते तुम्हीच सांगा.” हयात लिहिलं तर उत्पन्नाचा दाखला आणि सही मागतात. मयत लिहिलं तर मृत्यूचा दाखला मागतात.

कायद्याप्रमाणे सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर तो मरण पावला असं गृहीत धरता येतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ही तरतूद १०८ व्या कलमात होती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती १११ व्या कलमात आहे. सात वर्षं! त्या काळात विधवा पेन्शन अडते, बँकेतले पैसे अडतात, विमा अडतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यूसाठी ५ लाख रुपयांची तरतूद आहे आणि हप्ता सरकार भरतं. पण त्यासाठी माणूस आधी नोंदलेला हवा आणि नंतर मेलेला सिद्ध व्हायला हवा. आमच्याकडे पुष्कळदा दोन्ही होत नाही. इथल्या ओळखपत्रांवर उभ्या असलेल्या योजनेत नेपाळी खलाशी तर कुठेच बसत नाही.

मुसलमान बाईपुढे आणखी एक प्रश्न असतो. ती इद्दत कधी पाळणार? ती विधवा आहे की नवऱ्याची वाट पाहणारी बायको? फिक्हमध्ये अशा बेपत्ता नवऱ्याला मफकूद म्हणतात. हनफी मतानुसार बाईला इतकी वर्षं थांबावं लागे की तिचं आयुष्यच संपून जाई. विसाव्या शतकात मौलाना अशरफ अली थानवींसारख्या हनफी उलेमांनी बायकांची ही परवड पाहून मालिकी मताचा आधार घेतला. त्या विचाराचा परिणाम १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यावर झाला. नवऱ्याची चार वर्षं खबर नसेल, तर बाई न्यायालयातून निकाह रद्द करून घेऊ शकते. आपल्याकडच्या किती बायकांना हे माहीत आहे? कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई, पण हा कायदा मसलक पाहत नाही, तो सगळ्यांना लागू आहे.

उलेमा एका बाईच्या अडचणीसाठी आपल्या मजहबची चौकट ओलांडू शकले, तर सरकारला सात वर्षांची चौकट ओलांडायला काय हरकत आहे? तसं यापूर्वी घडलं आहे. २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चमोलीच्या आपत्तीनंतर बेपत्ता माणसांना सात वर्षं न थांबता मृत घोषित करण्याची खास पद्धत लागू केली गेली. आपत्ती मोठी असली की माणुसकी सुचते. दर मोसमात एकेक करून माणूस जातो तेव्हा ती आपत्ती ठरत नाही, एवढाच फरक.

काय करता येईल

पहिलं, नौकेचा परवाना नूतनीकरण करताना खलाशांचा विमा सक्तीचा करावा, आणि त्यात परप्रांतीय व नेपाळी खलाशीही यावेत. हप्त्याचा भार मालकावर टाका, हवं तर डिझेल परताव्याशी जोडा. दुसरं, समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक फेरीची खरी यादी असावी, घरच्या माणसाच्या फोन नंबरासकट. नौका परतली की ती यादी पुन्हा मोजावी. तिसरं, समुद्रात बेपत्ता झालेल्यांसाठी मत्स्यव्यवसाय खातं, पोलीस आणि तटरक्षक दल यांच्या एकत्र चौकशीनंतर ठरावीक महिन्यांत दाखला मिळावा. चौथं, नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर बसवण्याचं काम सुरू झालं आहे. त्यातून नुसती पाळत न होता संकटाच्या हाकेला मदत पोहोचते का, हे तपासलं जावं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्ये मच्छीमारांच्या कामाविषयी १८८ क्रमांकाचा करार केला. करारनामा, विश्रांती, वैद्यकीय तपासणी, विमा हे सगळं त्यात आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आपल्या मच्छीमार संघटना डिझेलसाठी मोर्चा काढतात, तसा एखादा यासाठीही काढावा.

आणि काही गोष्टींसाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. जुम्म्याच्या नमाजला नाखवा आणि खलाशी एका सफेत उभे राहतात. खुतब्याआधी पाच मिनिटं हवामानाचा इशारा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सांगता येईल. जमातीने आपल्या मोहल्ल्यातल्या समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाची एक वही ठेवावी: नाव, विमा आहे की नाही, वारस कोण. बंदराजवळच्या शाळांनी बंदीच्या दोन महिन्यांत बापलेकांना एकत्र बसवून बचावाचा वर्ग घ्यावा, मराठीत, उर्दूत आणि शक्य तर नेपाळीत. आम्ही शिक्षकांनी अर्ज भरून द्यावेत. ते काम आम्हाला येतं.

१ ऑगस्टला नौका पुन्हा पाण्यात उतरतील. नारळ वाढवले जातील, दुआ होईल. डिझेल, बर्फ, जाळी, राशन यांची यादी प्रत्येक नाखव्याकडे तयार असेल. त्या यादीच्या वर, पहिल्या ओळीत, माणसांची नावं असावीत, एवढीच मागणी आहे.