सगळा मावा सारखा नसतो: फवारणीआधी मागच्या दोन नळ्या बघा

थंडी पडते, मधेच दोन-तीन दिवस आभाळ येतं आणि गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो सुरू होतात. लांबून काढलेला पानाचा फोटो, खाली एकच ओळ, "मावा पडलाय, काय मारू?" पाच मिनिटांत पाच औषधांची नावं येतात. पीक कोणतं, मावा कसा दिसतो, पानाच्या वर आहे का खाली, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळी पंप पाठीवर.

टपरीवरच्या माव्याची गोष्ट वेगळी. शेतातला मावा हे एका किड्याचं नाव नाही. ते एका मोठ्या खानदानाचं नाव आहे. जगात माव्याच्या सुमारे ५,००० जाती नोंदल्या गेल्यात. त्यातल्या मोजक्याच आपल्या पिकांवर येतात, पण त्यांच्या सवयी वेगळ्या, राहायची जागा वेगळी आणि नुकसान करायची पद्धतही वेगळी. त्यामुळे ओळख चुकली की खर्च चुकतो. कधी रोगच अंगावर येतो.

आधी ठरवा, मावा आहे का?

माव्याचं अंग पेरूसारखं, मागे फुगीर आणि मऊ असतं. आकार मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. पान हलवलं तरी तो फारसा हलत नाही, घोळक्यानं एका जागी चिकटून रस पितो. सगळ्यात पक्की खूण म्हणजे पाठीच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या, एखाद्या गाडीला दोन सायलेन्सर असावेत तशा. त्या दोन्हींच्या मधे छोटं शेपूट.

पान हलवल्यावर किडा तिरका पळाला किंवा उडी मारली तर ते तुडतुडे. पांढरा भुगा उडाल्यासारखं झालं तर पांढरी माशी. सुईच्या टोकाएवढा, लांबुळका, पिवळट किंवा काळपट किडा फुलात-शेंड्यात दिसला तर फुलकिडे. कापसासारखा पांढरा लगदा असेल आणि नळ्या नसतील तर पिठ्या ढेकूण.

पानावर पांढरी बारीक सालं पडलेली दिसतात, त्याला बरेच जण पांढरी माशी समजतात. ती माव्यानं टाकलेली कात असते. मोठा होईपर्यंत मावा चार वेळा कात टाकतो.

रंगावर जाऊ नका

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. कपाशी, भेंडी, काकडी, कलिंगडावर येणारा मावा एकच असतो, एफिस गॉसिपी. पण एकाच पानावर तो पिवळा, हिरवा, गडद हिरवा आणि जवळजवळ काळासुद्धा दिसतो. उन्हात, दाटीत वाढलेला लहान आणि पिवळट असतो, थंडीतला मोठा आणि गडद. शेतकऱ्याला वाटतं दोन किडी आल्या, म्हणून दोन औषधं. प्रत्यक्षात किडा एकच. याची खूण नळ्यांत आहे. अंग कोणत्याही रंगाचं असो, नळ्या गडद, काळपटच राहतात.

आपल्या भागातल्या पिकांनुसार मुख्य मावे असे ओळखता येतात:

- चवळी, वाल, भुईमूग, शेवगा: मोठा मावा चकचकीत काळा, पिल्लं मात्र राखाडी, धुरकट. नळ्या काळ्या आणि शेपूटही काळं. पाय फिकट, टोकाला काळे. कपाशीवरच्या गडद माव्यापासून तो याच काळ्या शेपटानं वेगळा ओळखायचा.
- करडई: आकारानं मोठा, गडद तपकिरी ते काळा, चमकदार. नळ्या लांब, काळ्या. शेपूट मात्र फिकट पिवळसर. शेंड्यावर आणि कोवळ्या खोडावर गर्दी करतो.
- ज्वारी: पानाच्या खालच्या बाजूला फिकट पिवळा मावा, नळ्या आखूड आणि गडद. हाच उसावरही जातो. पोंग्यात किंवा मक्याच्या तुऱ्यात निळसर हिरवा, लांबुळका मावा असेल आणि नळ्यांच्या बुडाशी जांभळट डाग असतील तर तो मक्याचा मावा. तो ज्वारीवरही येतो.
- कोबी: अंगावर पिठासारखी राखाडी पावडर, नळ्या अगदी आखूड.
- मिरची, बटाटा: फिकट हिरवा, कधी गुलाबी. नळ्या अंगाच्याच रंगाच्या, मधे किंचित फुगीर.
- ऊस: पानाच्या खाली पांढऱ्या लोकरीचा थर. या लोकरी माव्याच्या नळ्या इतक्या बारीक की साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

उसावर पांढरं दिसलं म्हणजे लोकरी मावाच असं नाही. पानाच्या खाली काळपट, लंबगोल टिकल्या चिकटलेल्या आणि त्यांच्याभोवती पांढरी झालर असेल तर ती पांढऱ्या माशीची पिल्लं. कांडीवर पाचटाखाली गुलाबी, पिठूळ किडे असतील तर पिठ्या ढेकूण. तिघांचा इलाज एक नाही.

चिकटा हे लक्षण आहे, कीड नाही

मंगळवेढ्याकडच्या मालदांडी पट्ट्यात "चिकटा पडला" हा शब्द सर्रास चालतो. मावा रस पितो आणि जादा साखर बाहेर टाकतो, त्यानं पानं चिकट होतात. पुढं त्यावर काळी बुरशी चढते आणि कडबाही खराब होतो. पण ज्वारीवर तुडतुडेही चिकट पाणी सोडतात. बाजरीच्या कणसातून चिकट थेंब येत असतील तर ती अरगट नावाची बुरशी आहे. तिथं कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. चिकट दिसलं की पान उलटं करून कोण बसलंय ते बघा, मग पुढचं बोला.

मित्रालाच मारतो आपण

फोटो झूम करून बघितला तर पुष्कळदा माव्याच्या गर्दीत दुसरंही कुणीतरी असतं. काळसर, लांब, काटेरी अंगाची आणि नारिंगी ठिपक्यांची अळी म्हणजे ढालकिड्याची पिल्लं. ती दिवसाला ढिगानं मावा खातात. लोक त्यांनाच नवी कीड समजून औषध विचारतात. सिरफिड माशीची पाय नसलेली, गोगलगाईसारखी सरकणारी अळी आणि क्रायसोपाची अळीही मावाच खातात.

आणखी एक खूण. घोळक्यात काही मावे फुगून सोनेरी किंवा तपकिरी, कागदासारखे कडक झालेले दिसले तर त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू आहे. असे मावे आणि ढालकिडे भरपूर दिसत असतील तर दोन-चार दिवस थांबून परत बघण्यात शहाणपण आहे.

घाई का नडते, हे माव्याच्या वाढीत आहे. आपल्या हवामानात मादीला नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि तीही बहुतेक सगळी मादीच. आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः आई होतं. फवारणीत काही वाचले आणि त्यांना खाणारे मेले की पंधरवड्यात शेत पुन्हा भरतं. वाचलेल्याच्या लेकी हुबेहूब आईसारख्या असतात. एकाच गटाचं औषध पुन्हापुन्हा मारलं तर त्याला न जुमानणारी पिढी आपणच वाढवतो.

सांगलीनं शिकवलेला धडा

२००२ च्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला. त्याआधी तो देशाच्या पूर्व आणि ईशान्य भागात माहीत होता. वर्ष-दोन वर्षांत तो पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात पसरला. पानं काळी पडली, वजन आणि उतारा घटला. लोकांनी औषधं मारली, पण दाट, उंच उसात पानाच्या खाली मेणाच्या लोकरीत बसलेल्या किड्यापर्यंत औषध पोहोचेना.

शेवटी तो आटोक्यात आला तो त्याला खाणाऱ्या किड्यांमुळे. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हे त्यातले मुख्य. जिथं ते दिसले तिथली पानं काढून दुसऱ्या फडात सोडली गेली. पण त्यासाठी आधी दोन गोष्टी ओळखाव्या लागल्या, हा मावा कोणता आणि याला खाणारा कोण. ज्यानं डिफाची अळी ओळखली नाही आणि औषध मारलं, त्यानं स्वतःचाच राखणदार मारला.

पपईत तर गणितच उलटं

करमाळ्याकडे आणि नदीकाठी केळी-पपई वाढलीय. पपईचा रिंगस्पॉट हा विषाणू रोग मावाच पसरवतो, पण पपईच्या झाडावर मावा वस्तीच करत नाही. शेजारच्या कपाशी, भेंडी, काकडीवरून पंख फुटलेला मावा येतो, एक-दोन ठिकाणी सोंड टोचून चव बघतो आणि उडून जातो. तेवढ्यात रोग लागतो. तिथं पपईवर फवारून फारसा उपयोग नाही, मावा मरायच्या आधीच काम झालेलं असतं. रोगट झाड दिसताच उपटणं, बागेभोवती मक्यासारखं उंच पीक घेणं, जवळ काकडीवर्गीय पीक टाळणं, हेच हाताशी राहतं.

केळीत वेगळं. तिथं तपकिरी मावा बुंध्याशी आणि पानाच्या देठाच्या पोटात लपतो आणि पर्णगुच्छ रोग पसरवतो. पान बघून तो सापडत नाही, देठ उकलावा लागतो.

मग करायचं काय?

फोटो टाकायचाच असेल तर नीट काढा. पान उलटं करा, पंख नसलेला मोठा मावा काडीनं पांढऱ्या कागदावर घ्या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर साधं भिंग धरून वरून आणि मागून फोटो काढा. नळ्या आणि शेपूट दिसलं पाहिजे. सोबत पीक, त्याचं वय, मावा झाडाच्या कोणत्या भागावर आहे आणि किती झाडांवर आहे ते लिहा. तो फोटो आपल्या ग्रुपवर टाकण्याआधी कृषी सहायक किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे.

कडेच्या दहा झाडांवर मावा दिसला म्हणून पूर्ण शेत फवारू नका. करडईचा मावा बहुधा बांधाकडच्या झाडांवर आधी येतो. तेवढ्याच ओळी वेळेत हाताळल्या तर खर्च वाचतो. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. मावा वाढतच असेल तर औषधाच्या लेबलवर आपल्या पिकाचं नाव आहे का ते वाचून घ्या आणि पक्की पावती मागा. फुलोऱ्यात असलेल्या करडईवर मधमाश्या असतात, हेही ध्यानात ठेवा.

दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळायची सवय तर सोडाच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ती आठवण अजून ताजी आहे. टाकीत काय घातलं याचा पहिला फटका पंप पाठीवर घेणाऱ्याला बसतो.

दुकानदारानं चार डबे काढून ठेवले तर त्याचं पोट त्यावर आहे, त्याला किती दोष देणार? प्रश्न आपण विचारायचा. "मावा पडलाय" एवढंच सांगितलं तर औषध विकलं जाईल. "काळ्या शेपटाचा मावा वालावर शेंड्यात आहे, ढालकिडेही आहेत" असं सांगितलं तर समोरच्याला विचार करून उत्तर द्यावं लागेल. दहा रुपयांचं भिंग आणि पाच मिनिटं, एवढाच काय तो खर्च.