जुना लॅपटॉप निर्लेखनात काढण्याआधी एकदा उघडून तर बघा!



शाळेचा लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा झाला की हमखास ऐकू येतं, "सर, हा आता काही कामाचा नाही राहिला." मग तो कपाटात जातो आणि डेडस्टॉक रजिस्टरात तेवढा जिवंत राहतो. माझ्या मते यातले बरेच लॅपटॉप मेलेले नसतात. त्यांना एखादं छोटं कार्ड हवं असतं, आणि ते मुलांसमोरच बसवायला हवं.

पूर्वी लॅपटॉपच्या कडेला एक फट असायची. एटीएम कार्डाएवढं लांब-रुंद पीसीएमसीआयए कार्ड त्यात सरकवलं की मोडेम जोडला जाई. आता ही जागा आत गेली आहे. रॅमची पट्टी, वायफायचं कार्ड, एम.२ एसएसडी, सगळं खालच्या झाकणाआड. एम.२ वर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. मापनाच्या तासाला पट्टी लावून मुलांना हे मोजू द्या.

काम अवघड नाही, पण क्रम मोडू नका. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा किंवा तिची पिन सोडवा. हात एखाद्या धातूला लावून अंगातली स्थिर विद्युत उतरू द्या (आठवीच्या पोरांना घर्षणाने येणारा विद्युतभार इथे जेवढा पटेल तेवढा फळ्यावर पटत नाही). कार्ड कडेला धरा, सोनेरी टोकांना बोट नको. खाचेला खाच जुळवून तिरकं आत सारा, मग खाली दाबा. रॅमला दोन्ही बाजूंच्या क्लिपा आवाज करून बसतात, एम.२ ला एक बारीक स्क्रू लागतो. जात नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा कार्डच चुकीचं असतं. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची जागा नसली तरी अडत नाही. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते, आणि सुस्ती तिथेच जास्त कमी होते. काही पातळ मॉडेलात मात्र रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हात टेका.

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्ड बदलल्याने जुना प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र होत नाही, हे पालकांना आधीच सांगा. उबंटूसारखी मोफत प्रणाली टाकून टायपिंग, व्हिडिओ, यू-डायसची माहिती भरणं चालू शकतं.

खरी अडचण स्क्रू-ड्रायव्हरची नाही, भीतीची आहे. "सरकारी वस्तू आहे, उघडली तर जबाबदारी कोणाची?" भीती रास्त आहे. म्हणून वॉरंटी संपली का ते पाहा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, काढलेला भाग नोंदवून जपून ठेवा. पण आपल्या सिंदेवाहीकडे धानाच्या बांधावर बापासोबत मोटारपंप खोलणारे पोट्टे वर्गात बसलेले असताना, लॅपटॉपचं झाकण तेवढं पवित्र मानायचं, हे मला पटत नाही.

भाग मागवायला बहुधा चंद्रपूर-नागपूर गाठावं लागतं. त्यामुळे निघण्याआधी लॅपटॉपच्या खालच्या मॉडेल क्रमांकाचा आणि आतल्या जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो काढून दुकानदाराला पाठवा.