राक्षस कोणी जागविला?

अजस्र प्राण्यांचे चित्रपट म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे सुज्ञ म्हणविणारी मंडळी सरसकट म्हणतात. सुट्टीत मुलांना न्यावे, इमारती कोसळताना पाहाव्या आणि घरी यावे. त्यात विचार करण्याजोगे ते काय, असा त्यांचा सवाल. ह्या मताशी आमचा उभा दावा आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट तिची शक्ती! दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पडत राहिली. नौकेचे नाव, दैवाचा खेळ पाहा, ‘भाग्यवान ड्रॅगन’ अशा अर्थाचे होते. तिच्यावरील २३ ही खलाशी आजारी पडले. त्यांपैकी एक सप्टेंबरात मरण पावला. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ जपानी चित्रगृहांत झळकला. त्याचा आरंभच समुद्रावरील लखलखाटाने आणि जळून बुडणाऱ्या जहाजाने होतो. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांना ह्या दृश्याचा अर्थ आम्ही समजावून सांगायला नको.

रबरी पोशाखातला माणूस तो, असे कोणी हसून म्हणेल. होय, माणूसच आहे. पण हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहावा. घरच्या दूरचित्रवाणीवर ते ५० मीटरचे श्वापद समोर बसलेल्या बालकाहूनही लहान दिसते. मध्येच थांबवून चहासुद्धा पिता येतो. चित्रगृहाच्या अंधारात मात्र आपण खाली, रस्त्यावर असतो. तेथेच एक माता लेकरांना कवटाळून बसली आहे आणि आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ, असे त्यांना सांगते आहे. पुढे रुग्णालयात एका बालकाजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरले जाते. ते कडकडू लागते. डॉक्टर काही न बोलता मान हलवितो. ह्याला पोरखेळ म्हणायचे?

आमचा खरा राग मात्र अन्यत्र आहे. मूळ चित्रपटात आगगाडीतील एक तरुणी, आपण नागासाकीतून कशाबशा वाचलो, असे सहज बोलून जाते. नागासाकी म्हणजे ९ ऑगस्ट १९४५ रोजी उराकामीच्या कॅथीड्रलसह बेचिराख झालेले शहर, हे कॅथोलिकांनी तरी विसरू नये. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीतून ते वाक्य गळाले. २०१४ च्या हॉलिवूडपटाने तर कळस केला. पॅसिफिकमधील त्या चाचण्या म्हणे चाचण्याच नव्हत्या, श्वापदाला मारण्याचे ते प्रयत्न होते! म्हणजे बॉम्ब निर्दोष आणि खलाशांवरील राख जणू नाइलाज. पिलाताने हात धुण्यासाठी निदान पाणी तरी मागविले होते.

वाचकहो, दोन शास्त्रज्ञ ताडून पाहा. १९५४ चा सेरिझावा आपल्या संहारक शोधाचे कागद जाळतो, समुद्रतळाशी उतरतो आणि ते अस्त्र कोणाच्याही हाती पडू नये म्हणून स्वतःची श्वासनळी कापून तेथेच राहतो. २०१९ च्या हॉलिवूडपटातही सेरिझावाच आहे, तोही समुद्राखाली प्राण देतो. पण अण्वस्त्राचा स्फोट घडवून, त्या श्वापदाला नवी शक्ती मिळावी म्हणून.