मूळ लपवलेला अनुवाद

भिलाईत राहणाऱ्याने परकीय प्रभावाविषयी बोलताना सोवळं नेसू नये. इथला पोलाद कारखाना २ फेब्रुवारी १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. इथल्या प्राणिसंग्रहालयाचं नावसुद्धा मैत्रीबाग. त्या मैत्रीत भट्ट्यांसोबत पुस्तकंही आली. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी-हिंदी पुस्तकं नाममात्र किमतीत मिळत. माझं वाचन त्यांच्यावर पोसलं, आणि पुढे अनुवादक झालो त्यालाही तीच कारण. तो प्रचार होता का? होताच. पास्तरनाकचं 'डॉक्टर झिवागो' त्या गठ्ठ्यात कधी आलं नाही. पण पुस्तकावर मॉस्कोचं नाव स्वच्छ छापलेलं असे. कोण बोलतंय ते ठाऊक असलं की किती ऐकायचं हे वाचक आपलं आपण ठरवतो.

आता मुंबईकडे पाहा. १९५५ साली तिथे 'क्वेस्ट' सुरू झालं, संपादक निस्सीम इझिकेल. नियतकालिक उत्तम, आजही जुने अंक हाती आले तर मी सोडत नाही. पण ते ज्या 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम'च्या छत्राखाली निघत होतं, तिला सीआयएचा पैसा मिळत होता हे १९६६-६७मध्ये उघड झालं. लेखकांना याची कल्पना नव्हती असं मानायला माझी हरकत नाही. वाचकाला तर नव्हतीच. 'क्वेस्ट'चा दर्जा निर्विवाद वरचा, तरी वाचकाशी जास्त प्रामाणिक होतं ते मॉस्कोचं बाळबोध पुस्तक, असं माझं म्हणणं आहे. मित्र यावर चिडतात. चिडोत.

मॉस्कोही दरवेळी नाव छापत नव्हतं, हे खरंच. जुलै १९८३मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट'मध्ये एक निनावी पत्र आलं: एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत तयार झाला. ऑक्टोबर १९८५मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गझेता'ने तीच गोष्ट छापली आणि हवाला दिला भारतीय वृत्तपत्राचा! पुढे ती कितीतरी भाषांत फिरली. १९९२मध्ये रशियन गुप्तहेर खात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी त्यात केजीबीचा हात असल्याचं मान्य केलं. अनुवादक म्हणून मला या प्रकरणात आमच्याच धंद्यातली लबाडी दिसते. मूळ संहिता लपवायची, अनुवादालाच मूळ म्हणून मिरवायचं, मग त्याचा पुन्हा अनुवाद करायचा. आजची बनावट खाती हेच करतात, फक्त वेगाने.

यावर आपल्या लोकशाहीने काय केलं? आणीबाणीत, १९७६ साली, परकीय देणग्यांचा कायदा आणला. त्यात संपादक, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार यांची नावं राजकीय पक्षांच्या बरोबरीने बंदीच्या यादीत बसली. २०१० आणि २०२०मध्ये तो आणखी आवळला. मार्च २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडल्याचं म्हटलं. मग संसदेने काय केलं? परकीय स्रोताची व्याख्याच सैल केली: २०१६च्या वित्त कायद्याने २०१०पासून, आणि २०१८च्या कायद्याने थेट ५ ऑगस्ट १९७६पासून. हे दुसरं विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं. निवडणूक रोख्यांची गुप्तता सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये मोडली. त्या निकालाने ही दुरुस्ती मात्र रद्द झालेली नाही. इकडे परदेशातली एखादी अनुवाद-शिष्यवृत्ती मिळाली की आमच्यातला माणूस आनंद करायच्या आधी वकिलाला फोन करतो.

शिक्का मारायचा तर तो पैशावर आणि मजकुरावर मारा, माणसावर नको. रशियाने २०१२पासून 'परदेशी हस्तक' हा शिक्का आधी संस्थांवर, मग व्यक्तींवर मारला. २०२४मध्ये ल्युदमिला उलित्स्काया या कादंबरीकर्तीलाही तो लागला. तिच्या कादंबरीमागे कुठलं सरकार आहे हे काही त्याने कळत नाही. ती सरकारला नकोशी आहे, एवढंच कळतं. 'परकीय हात' म्हणून विरोधकाकडे बोट दाखवण्याची आपल्याकडची सवय याच वाटेने जाते, मग दिल्लीत सत्ता कुणाचीही असो.

साध्या अनुवादाच्या मुखपृष्ठामागेसुद्धा मूळ भाषा, मूळ लेखक, हक्क कुणाचे, अनुदान कुणाचं हे सगळं छापावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. तेवढंच एक पान राजकीय पक्षांनीही छापावं. सुरुवात १९७६पासूनच्या हिशेबाने करावी.